पश्चिमेची भिंत

शनिवारी सकाळी नऊ वाजता एन्डा कॉन्सिडाइननं पश्चिमेच्या भिंतीवर प्रेशर वॉशरचा फवारा सोडला आणि सव्वानऊला घाईघाईनं बंद केला. मधल्या पंधरा मिनिटांत खिडकीशेजारचा, जेवणाच्या टेबलाएवढा गिलावा खड्यांसकट उडून आईच्या गुलाबांवर येऊन पडला होता. यंत्र त्यानं पलीकडच्या डेअरीतून मागून आणलं होतं. गोठ्याच्या फरशीवरचं वाळून दगड झालेलं शेण उडवणारं यंत्र ते, त्याला भिंत काय आणि फरशी काय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"एन्डा," त्याची बायको डिम्पना स्वैपाकघराच्या दारातून म्हणाली, "तू भिंत धुतोयस की पाडतोयस?"

"धुतोय."

"नाही, विचारलं आपलं. पाडायची असेल तर आतले पडदे काढून घेते."

एन्डानं यंत्राची नळी खाली ठेवली. बावन्न वर्षांचा, पंचेचाळीस गाई एकट्यानं सांभाळणारा माणूस, पण चूक झाली की अजूनही कानापर्यंत लाल होतो. तो वाकून खडे वेचायला लागला. समुद्रावरचे गोल, करडे-पांढरे खडे होते ते. आमच्याकडे पूर्वी ओल्या गिलाव्यावर हे खडे हातानं फेकून मारत आणि वर रंग म्हणून देत नसत. रंग नाही म्हणजे डाग झाकायची सोयही नाही. आता दुसरे कुठलेही खडे आणून लावले तरी ठिगळ ते ठिगळच दिसणार होतं.

आणि गुरुवारी सकाळी दहाला घरी मिस्सा होती, फादरनी घरी येऊन करायची उपासना. क्लूनमोरातली आम्ही नऊ घरं ही वर्षातून एकदाची मिस्सा आळीपाळीनं घेतो, त्यामुळे एका घराची पाळी नऊ वर्षांनी येते. पाळी आली की माणसं छपराच्या पन्हळी रंगवतात, कुंपण कापतात, नऊ वर्षं 'पुढच्या महिन्यात' म्हणून टाळलेली फरशी एकदाची बसवून घेतात. फादर गफनी फक्त वेदीकडे बघणार, पण बाकीची आठ घरं भिंती बघणार, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं.

आवाज ऐकून एन्डाची आई, डीलिया, काठी टेकत बाहेर आली. एकोणऐंशीची बाई, पण नजर घारीची. ती उघड्या पडलेल्या भिंतीसमोर थांबली, पण बघितलं तिनं वर, पन्हळीकडे. एन्डाला वाटलं, पाऊस येतोय का ते बघतेय.

"आई, मी करून घेतो दुरुस्त," तो म्हणाला.

"हो रे," डीलिया म्हणाली, आणि आत गेली.

*

कार्मेल, एन्डाची धाकटी बहीण, अकरा वाजता एनिसहून आली ती नवे पडदे, दोन ॲपल टार्ट आणि एक ठरलेला विषय घेऊन. ती इस्पितळात परिचारिका आहे आणि घरीही तशीच बोलते, म्हणजे समोरच्याला आधी झोपवून मग सुई टोचते. भिंत बघून ती आत आली आणि एक खडा टेबलावर ठेवला.

"झालं ना सिद्ध? बाबा जन्मभर हेच सांगत होते. सेननकाकानं सिमेंट घातलंच नव्हतं. सख्ख्या भावाच्या घराला नुसती वाळू थापली."

डीलिया पीठ मळत होती. तिनं वर बघितलं नाही.

सेनन हा कार्मेलच्या बाबांचा, फ्लॅनचा, धाकटा भाऊ. राहतो गल्लीपलीकडे, चाळीस पावलांवर. हातात थापी घेतली की त्याच्यासारखा गवंडी तालुक्यात नव्हता. सत्तावीस वर्षांपूर्वी, अशीच मिस्सेची पाळी आली असताना, त्यानं या पश्चिमेच्या भिंतीला नवा गिलावा केला होता. त्याच हिवाळ्यात मागच्या खोलीत ओल आली, आणि फ्लॅननं बाजाराच्या दिवशी, भरलेल्या पबमध्ये, चाळीस माणसांसमोर सांगितलं की माझ्या भावानं मला वाळू विकली. त्यानंतर आमच्या भागात सेननला कुणी काम दिलं नाही. वीस वर्षं तो पहाटे पाचच्या बसनं लिमरिकला जाऊन परक्यांची घरं लिंपत राहिला. चार वर्षांपूर्वी फ्लॅन गेला तेव्हा सेनन दफनभूमीच्या फाटकापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. मिस्सेची पाळी फ्लॅनच्या घरानंतर सेननच्या घराची असते. त्या वर्षी ती चर्चमध्येच होते, आणि का होते हे कुणी विचारत नाही.

"त्या खोलीत झोपून तुझी छाती खरखरते," कार्मेल आईला म्हणाली. "इंजिनिअरला मी फोटो दाखवले. तो म्हणाला, ही भिंत उतरवावी लागेल. गुरुवार पार पडू दे, मग तू माझ्याकडे एनिसला यायचंस. खोली तयार आहे."

"किती दिवसांसाठी?"

कार्मेलनं भावाकडे बघितलं आणि भावानं चहाच्या कपात.

"म्हणजे तुमचं दोघांचं ठरलंय," डीलिया म्हणाली.

"आई, ठरलंय असं नाही," एन्डा म्हणाला. "बोलणं झालं होतं."

"माझ्याशी नाही झालं," डिम्पना म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघत राहिले. या घरात सून येऊन चोवीस वर्षं झाली होती, आणि सासू-सुनेचं किती गूळपीठ होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली दहा वर्षं तर दोघींनी एका किटलीतला चहा घेतला नव्हता. त्यामुळे डीलियानंही कणकेतले हात थांबवले.

"भिंत मेलीय की नुसती मळलीय, हे तिला हात न लावता फोटोवरून कसं कळतं?" डिम्पना म्हणाली. "मी फिन्टन लूबीला बोलावलंय. घरं बाहेरून धुवायचाच धंदा आहे त्याचा. सोमवारी आठला येतोय. तीन आठवड्यांपूर्वीच सांगून ठेवलं होतं मी."

"भिंत धुवायला बाहेरचा माणूस?" एन्डा म्हणाला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, कशाला, मी करतो."

यावर कार्मेललाही हसू आलं. डीलिया मात्र हसली नाही. तिनं हात धुतले, पुसले, आणि पाव भट्टीत ठेवायचा विसरून मागच्या खोलीत जाऊन बसली.

*

सोमवारी आठला फिन्टन लूबी आला. व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, नळ्यांची भेंडोळी, दोन शिड्या. स्वतः मात्र एवढासा, चष्मेवाला, हळू बोलणारा. एन्डाची अपेक्षा होती की आला की तो यंत्र चालू करेल. दीड तास झाला तरी त्यानं यंत्राकडे बघितलंही नाही. लांब ब्रशच्या दांड्यानं तो खालपासून वरपर्यंत भिंत ठोकत होता. ठक, ठक, दोन बोटं पुढं, ठक. मध्येच कान लावायचा. एन्डा मागं मागं.

"हा गिलावा कुणाचा?" लूबीनं विचारलं.

"आमच्या काकाचा."

"आहेत का ते?"

"का बरं?"

"असं काम करणारे आता राहिले नाहीत, म्हणून विचारलं. एक जागा पोकळ नाही. ओल भरलीय आत, पण गिलावा भिंतीला धरून आहे."

"आणि हे?" एन्डानं खिडकीशेजारच्या भगदाडाकडे बोट केलं.

"हे तुमच्या यंत्रानं. त्या दाबापुढं माझं नाकसुद्धा टिकलं नसतं." तो शिडी लावायला लागला. "जोर औषधाचा असावा लागतो, पाण्याचा नव्हे. पण औषध नंतर. आधी पाणी कुठं जातं ते बघू. मला दोन बादल्या पाणी द्याल का?"

डीलिया आत, मागच्या खोलीत पलंगावर बसली होती. भिंतीवरचा प्रत्येक ठोका तिला पाठीत लागत होता. बादलीचं नाव ऐकलं आणि तिनं काठी घट्ट धरली. हा माणूस शोधून काढणार हे तिला कळून चुकलं. सत्तावीस वर्षं तिला याच क्षणाची भीती वाटत आली होती, आणि आता तो आला तर ती खिडकीजवळ जाऊन उभी राहिली, सगळं नीट ऐकू यावं म्हणून.

लूबीनं मागच्या स्वैपाकघराच्या छपराची पन्हळ हातानं साफ केली. चिखल, शेवाळ, चिमणीचं एक जुनं घरटं निघालं. मग त्यानं वरून बादली ओतली. एन्डा लांबच्या टोकाला, खाली उतरणाऱ्या पाइपाशी उभा होता.

"आलं?"

"थेंब नाही."

दुसरी बादली ओतली. पाइप कोरडाच. लूबी शिडीवरून पश्चिमेच्या भिंतीकडे सरकला, पन्हळ जिला ठोकलेली असते त्या फळीच्या मागं हात घातला आणि ओला हात बाहेर काढून दाखवला. कार्मेल त्या दिवशी सुट्टी काढून आली होती. तीही अंगणात येऊन उभी राहिली.

"पन्हळीचा उतार या भिंतीकडे आहे आणि पाइप आहे त्या टोकाला," लूबी म्हणाला. "पूर्वी पाइप इथंच असणार. हे बघा, कड्यांची भोकं. कुणीतरी तो काढला, त्या टोकाला नवा लावला, पण पन्हळीचा उतार बदलायचा राहून गेला. अख्ख्या छपराचं पाणी इतकी वर्षं फळीमागून या भिंतीच्या पोटात जातंय."

"म्हणजे गिलावा…" कार्मेल म्हणाली.

"गिलाव्याची चूक नाही. उलट तो इतका चांगला होता म्हणून ही भिंत उभी आहे. पन्हळ नीट केली की एक उन्हाळा वाळायला द्या. पाडायची काहीएक गरज नाही."

एन्डा उलट्या ठेवलेल्या बादलीवर मटकन बसला. महिनाभर तो रात्री भिंत पाडायचे हिशेब मनात मांडत होता आणि आईला घर सोड म्हणून कसं सांगायचं ते शब्द जुळवत होता. आता काहीच सांगावं लागणार नव्हतं. त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते बाहीनं पुसलं.

मग लूबीनं शेवाळ मारायचं औषध फवारलं, झाडाला पाणी घालावं इतक्या हळू हातानं. गुलाबांवर त्यानं आधीच ताडपत्री घातली होती. अर्धा तास तो व्हॅनमध्ये सँडविच खात बसला आणि मग धुवायला लागला. वरून खाली काळं पाणी ओघळायला लागलं, मग हिरवं, मग करडं, मग स्वच्छ. खडा न् खडा मोजता यावा अशी भिंत निघाली. सत्तावीस वर्षांपूर्वी सेननचा हात जसा फिरला होता तसा तो दिसायला लागला, डावीकडून उजवीकडे, एकसारखा.

"माझं लग्न झालं तेव्हापासून मला वाटायचं, हिचा रंगच काळा आहे," डिम्पना म्हणाली.

कार्मेलच्या मागं डीलिया येऊन उभी होती.

"जुना पाइप शेडमध्ये आहे," डीलिया म्हणाली. "जळणाच्या पीटच्या ढिगामागं. शिडी मी धरली होती."

*

ती सगळं सांगत असताना चहा कुणी घेतला नाही, आणि आमच्याकडे चहा थंड होणं ही लहान गोष्ट नाही.

"मिस्सेच्या आदल्या दिवशीची गोष्ट," डीलिया म्हणाली. "गिलावा नवा, झकास दिसत होता, आणि त्यावरून गंजका पाइप खाली आलेला. तुमचे बाबा म्हणाले, एवढ्या सुंदर भिंतीवर हे कसलं आतडं लोंबतंय. काढला. दुसऱ्या बाजूला नवा लावला, तिकडे कुणाची नजर जात नाही म्हणून. उताराचं म्हणाले, मिस्सा झाली की करतो. मग गवताचं काम आलं, मग गाई व्यायल्या. राहिलं."

"आणि तुला हे माहीत होतं," कार्मेल म्हणाली.

"पहिल्या हिवाळ्यात नव्हतं लक्षात आलं. दुसऱ्या हिवाळ्यात आलं. पण तोवर ते पबमध्ये बोलून बसले होते. मी एकदा म्हटलं त्यांना, फ्लॅन, तो पाइप. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग मी पुन्हा विषय काढला नाही."

"सत्तावीस वर्षं, आई."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला सांगत राहिले. मूठ आमची होती. किंमत सेनननं मोजली."

कार्मेल उठून खिडकीशी गेली. ती बाबांची लाडकी. बाबांची बाजू घेऊन ती काकाच्या मुलीच्या, ऊनाच्या, लग्नाला गेली नव्हती. आणि ऊना तिची शाळेपासूनची जिवलग मैत्रीण होती. आता ऊना न्यूझीलंडला असते आणि दोघी नाताळला एकमेकींना कार्डसुद्धा पाठवत नाहीत. कार्मेलला आईचा राग आला होता, बाबांचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

"मी बाबा खरे म्हणून जगभर सांगत फिरले," ती म्हणाली.

"तुला कुणी खोटं ठरवणार नाही. सांगणार मी आहे." डीलिया उभी राहिली. "एन्डा, तो पाइप काढून आण."

"आता?"

"नाहीतर कधी? सत्तावीस वर्षं 'नंतर' म्हणत होतो आपण."

एन्डानं पाइप आणला. पुरुषभर उंचीचा, गंजलेला, लोखंडी. डीलियानं एक टोक उचललं आणि तिला तो पेलेना. डिम्पना पुढं होणार तेवढ्यात कार्मेल मागं वळली. काहीही न बोलता तिनं दुसरं टोक धरलं. मायलेकी पाइप घेऊन फाटकाबाहेर पडल्या, भर दुपारी, आणि खरं सांगायचं तर आमच्या घराच्या खिडकीतून आम्ही ते सगळं बघितलं. कुणी असं काही बघितलं नाही असं म्हणेल तर तो खोटं बोलतोय.

*

सेननचं दार उघडंच होतं. तो उंबऱ्यावर आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, वाकलेला, पण हात अजून गवंड्याचेच, फावड्याएवढे.

"सेनन," डीलिया म्हणाली.

"डीलिया." त्यानं पाइपाकडे बघितलं. "तोच का?"

"तोच."

"मी विचारलं होतं त्याला. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा ओल आली कळलं तेव्हा आलो होतो ना तुमच्या स्वैपाकघरात. म्हटलं, फ्लॅन, पाइपाला हात लावलास का? त्यानं मला दाराबाहेर काढलं."

"मी तिथंच होते."

"पावाचं पीठ मळत होतीस तू."

"हो. मी वर बघितलं नाही." डीलियानं पाइपाचं टोक खाली टेकवलं. "चुकलं आमचं, सेनन. त्यांचं चुकलं आणि माझं जास्त चुकलं, कारण ते रागात बोलले आणि मी शुद्धीवर असून गप्प बसले."

कार्मेलनं पाइपाचं टोक हळूच जमिनीवर ठेवलं.

"तू माझ्या दारात येऊन सांगितलंस, ठीक आहे," सेनन म्हणाला. "त्यानं चाळीस माणसांसमोर सांगितलं होतं."

"गुरुवारी मीही सांगेन. सगळ्यांसमोर."

"ते गुरुवारी बघू." त्यानं डोळ्यांवर हात धरून गल्लीपलीकडे बघितलं. धुतलेली भिंत उन्हात उभी होती. त्याचं लक्ष वरून खाली उतरत उतरत खिडकीपाशी येऊन अडकलं. "ते काय झालंय तिथं?"

"एन्डा," कार्मेल म्हणाली.

"यंत्र?"

"हो काका. गोठ्याचं."

सेननच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "खडे वेचलेत का?"

"बादलीभर."

"पुरायचे नाहीत." तो मागं शेडमध्ये गेला आणि खांद्यावर एक जुनं पोतं घेऊन आला. त्यानं ते फाटकापाशी आपटलं, तोंड उघडलं. तेच गोल, करडे-पांढरे खडे. "त्या वेळचे उरलेले. टाकवेनात. कशासाठी ठेवलेत ते मला विचारू नका."

मंगळवारी त्यानं भगदाडावर पहिला हात दिला, बुधवारी दुसरा, आणि तो ओला असतानाच खडे फेकायला लागला. एन्डाला त्यानं माल कालवायला लावलं आणि दोन दिवस त्याची खरपूस हजेरी घेतली. "एवढं पाणी? गिलावा करतोयस की सूप?" एन्डा हो काका, हो काका करत होता. लहानपणानंतर तो इतका खूश मी पहिल्यांदाच बघितला. पण सेनन घरात आला नाही. डिम्पना चहा खिडकीतून देई, आणि तो कप खिडकीतच परत ठेवी. बुधवारी संध्याकाळी लूबीनं येऊन पन्हळीचा उतार बदलून दिला आणि जाताना भिंतीकडे बघून सेननला टोपी काढून दाद दिली.

*

गुरुवारी दहाला घर भरलं. फादर गफनींनी टेबलावर पांढरं कापड घालून वेदी मांडली. बायका आत, पुरुष नेहमीप्रमाणे जमेल तितके दाराबाहेर. सेनन सगळ्यांत मागं, धुतलेल्या भिंतीला टेकून उभा होता. ठिगळ कुठं आहे ते शोधायचा आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केला आणि कुणालाच सापडलं नाही.

"फादर, सुरू करायच्या आधी एक मिनिट," डीलिया म्हणाली.

ती उठून उभी राहिली. एका बाजूला एन्डा, दुसऱ्या बाजूला कार्मेल. डिम्पना वेदीमागं, हातात मेणबत्ती तशीच न पेटवता.

"सत्तावीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यानं सेनन कॉन्सिडाइनवर आळ घेतला. तुमच्यापैकी कित्येकजण तिथं होते. तो आळ खोटा होता. पन्हळीचा पाइप आम्ही काढला होता, आमच्या हातानं, आणि पाणी आम्ही भिंतीत घातलं. मला ठाऊक होतं. सेननच्या कामात तेव्हाही खोट नव्हती, आजही नाही. फ्लॅन चांगला माणूस होता, आणि हे त्याच्या हातून झालं. त्याच्या वतीनं मी माफी मागते, आणि माझ्या स्वतःच्या वतीनं वेगळी."

आमच्यातल्या ज्यांनी तेव्हा पबमध्ये मान डोलावली होती आणि नंतर आपल्या घरांना बाहेरगावचे गवंडी बोलावले होते, ते जमिनीकडे बघत राहिले. माझे वडील त्यांतलेच एक होते.

कार्मेल दारापर्यंत गेली. "काका, आत या. तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय."

सेनननं पायपुसण्यावर बूट पुसले. फार वेळ पुसले. मग तो आत आला आणि बसला.

डिम्पनानं मेणबत्ती पेटवली.

मिस्सा झाली. शेवटी फादर गफनींनी वही उघडली आणि नेहमीच्या सुरात वाचलं, "पुढच्या वर्षीची मिस्सा चर्चमध्ये…"

"नाही," सेनन म्हणाला. "पुढच्या वर्षी माझी पाळी आहे."

फादरनी पेन शोधायला खिसे चाचपले. चार खिसे झाले तरी पेन सापडेना, तेव्हा कुणीतरी पुढं केलं.

"फक्त माझी भिंत हिरवीगार झालीय," सेनन म्हणाला. "धुवायची कुणासाठी, म्हणून धुतलीच नाही. डिम्पना, त्या लूबीचा नंबर दे मला."

"त्याला कशाला, काका," एन्डा म्हणाला, "मी येतो की धुवायला."

"तू बादली धरायला ये."

घर हसलं. इतकं हसलं की फादर गफनींनाही वही मिटून ठेवावी लागली. डीलिया किटली घेऊन आली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं सुनेचा कप आधी भरला आणि मग सेननचा. दूध घातलं, दोन चमचे साखर घातली आणि ढवळली. विचारलं नाही. तो चहा कसा घेतो ते तिच्या लक्षात होतं.

सेननला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली होती. त्यानं अख्खा कप संपवला.